शेवटच्या लेनमधला पालव

"ओ काचवाले! माजी गाठ कुटं ठेवली तुमी? कापून नेली ती नेली, निदान दाखवा तरी!"

परळच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं इस्पितळ होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या खिडकीशी गुणवंती कोळीण उभी होती. मानेच्या डाव्या बाजूला पांढरी पट्टी, अंबाड्यावर अबोलीची वेणी, आणि लालबागच्या मासळी बाजारात चार ओट्यांपलीकडे पोचणारा आवाज. प्रयोगशाळेत कुजबुजत बोलायचा रिवाज होता. तो तिने पहिल्याच वाक्यात निकालात काढला.

आत बाटल्या धूत असलेल्या तुळशीदास पालवने मान वर केली.

"गुणवंतीबाय? तुम्ही इथं?"

"अगं बाय! तुळशा! तू मिलमदला तुळशा ना? तू कदी डाक्टर झाला रं?"

"डॉक्टर नाय हो. बाटल्या धुतो."

"मंग माजी गाठ पन तूच धुतली असशील. काय निगालं तिच्यात?"

"एवढ्यात कुठलं निघतंय! तीन आठवडे लागतात."

"तीन आठवडं? येवड्यात तर बोंबील वाळून घरला येतो!"

जाताना तिने खिडकीतून आत एकदा नीट बघून घेतलं, टोपलीतला माल बघावा तसं, आणि म्हणाली, "तू हाय ना आत? मंग मना काय घोर नाय."

हे वाक्य तुळशीदासला जरा जडच गेलं. कारण आत तो होता, पण नुसता होता.

साल होतं एकोणीसशे नव्वद. संपाला आठ वर्षं झाली होती. त्याआधी तुळशीदास करी रोडच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होता. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड मेजावरून सरकत जायचं आणि त्याने त्यावर डोळा ठेवायचा. तुटका धागा, भोक, तेलाचा डाग दिसला की तिथल्या काठाला तांबडा दोरा बांधायचा. अकरा वर्षं त्याने हे काम केलं, तेही बदली म्हणून. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, त्याचा सासरा वारला, की त्या दिवसापुरता त्याच्या जागी तुळशीदास. रोज सकाळी गेटवर उभं राहून कोण आलं नाही ते बघायचं. दुसऱ्याच्या तब्येतीची इतक्या आस्थेने चौकशी करणारा माणूस अख्ख्या गिरणीत नव्हता.

मग संप झाला. त्या वर्षी तो रिकामी पिशवी घेऊन, फार घाईचं काम असल्यासारखा, मासळी बाजारातून भरभर जायचा. गुणवंती ओट्यावरून ओरडायची, "ए तुळशा, हे उरलंय, मांजरं खातील, घिऊन जा." सकाळी नऊ वाजता, तडफडत्या बोंबलांना 'उरलंय' म्हणणारी कोळीण उभ्या लालबागेत ती एकटीच. दोघांनीही ते कधी उघड बोलून दाखवलं नाही.

इस्पितळात तो लागला चौऱ्याऐंशी साली, बाटल्या धुवायला, रोजंदारीवर. सहा वर्षांनीही रोजंदारीच होती. 'कायम' हा शब्द त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावापुढे वाचला होता. मात्र या महिन्यात ऑफिसात त्याची फाइल खरोखर हलली होती आणि सोमवारी साहेबांची सही होणार होती. ही बातमी त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती. फक्त त्या दिवसापासून तो बाटल्या दोनदा धुवायला लागला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या डॉक्टर राजलक्ष्मी तळपदे. गिरगावच्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. इस्त्रीची सुती साडी, शुद्ध मराठी, आणि रागावल्या की त्याहून शुद्ध. गळ्यातली किंवा काखेतली गाठ कधी साध्या जंतूंनी सुजते, तर कधी तो लिंफोमा नावाचा कर्करोग असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गाठी खरं काय ते सांगून टाकतात, काही मात्र वकिलासारख्या दोन्ही बाजूंनी बोलतात. अशा गाठींसाठी बाई परदेशातून एक नवी तपासणी शिकून आल्या होत्या. गाठीतल्या पेशींमधून डीएनए काढायचा, त्याचे रसायनाने तुकडे करायचे, जेलीच्या वडीत विजेने पळवायचे, आणि मग ती सगळी नक्षी नायलॉनच्या कापडावर टिपून घ्यायची. जेलीवर कापड, कापडावर टिपकागदांची चळत, वर काच, आणि काचेवर वजन म्हणून मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी. पुढे त्या कापडाला किरणोत्सर्गी औषध लावून त्यावर एक्स-रेची फिल्म दाबायची, की नक्षी फिल्मवर काळ्या ओळींत उमटे.

तुळशीदासने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हे कापड कुठल्या मिलचं?"

तंत्रज्ञ जयवंत पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत. "तुम्हाला कापडातलं कळतं?"

"कापडातलंच कळतं, मॅडम."

तेव्हापासून चळत रचायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने रचलेल्या चळतीखाली सुरकुती पडत नसे, हे बाईंनी आठवडाभरात हेरलं. आणि एकदा चहाच्या वेळी त्यांनी ही सगळी भानगड काय आहे तेही त्याला सांगितलं.

"आपल्या पांढऱ्या पेशी असतात ना, त्या जनुकांचे तुकडे कापून पुन्हा जुळवतात. प्रत्येक पेशी आपापल्या तऱ्हेने. याला फेरमांडणी म्हणायचं. निरोगी गाठीत हजारो पेशी आणि हजारो मांडण्या, त्यामुळे फिल्मवर त्यांची नुसती धुरकट सावली येते. एक जुनी ओळ तेवढी स्पष्ट दिसते, ती आईबापांकडून सगळ्यांनाच मिळालेली असते. पण एकाच पेशीची पिलावळ माजली, तर सगळ्यांची मांडणी एकच. मग जुन्या ओळीखेरीज दुसरी ठळक ओळ उमटते. ती लिंफोमाची."

तुळशीदासने थोडा विचार केला. "म्हणजे हजार साचे, हजार किनारी. आणि बाजारात जिथं तिथं एकच किनार दिसायला लागली, की समजायचं एक साचा माजलाय."

बाईंनी कप खाली ठेवला. पुढे त्या डॉक्टरांच्या परिषदांतही हाच दाखला द्यायच्या, असं जयवंत सांगतो. कोणाचा दाखला, हेही त्या सांगायच्या म्हणे.

गुणवंतीच्या गाठीची जेल लावली त्या आठवड्यात दुसरी एकच गाठ होती, नायगावच्या भिवा खरात नावाच्या बेस्टच्या कंडक्टरची. त्यामुळे जेल छोटी, चार लेनची, म्हणजे चार नमुने शेजारी शेजारी पळतील अशा चार पट्ट्यांची. दोन्ही टोकांना निरोगी नमुने ठेवायचे, तुलनेसाठी. पहिल्या लेनमध्ये बाळंतखोलीतून आणलेल्या वारेचा डीएनए, चौथ्या लेनमध्ये जयवंतचं स्वतःचं रक्त, आणि मधे दुसरी लेन भिवाची, तिसरी गुणवंतीची. कोणती बाजू कुठली हे समजायला कापडाचा वरचा डावा कोपरा कापलेला असायचा. फिल्मचाही वरचा डावा कोपरा दुमडायचा. खूण तेवढीच.

चळत रचताना तुळशीदास म्हणाला, "जयवंत, डाव्या कडेला बुडबुडा राहिलाय बघ. पहिल्या लेनच्या डोक्यावर."

"वारेची लेन आहे मामा, चालेल. तिला कुठं लग्न करायचंय."

लग्नाचा विषय जयवंतच्या डोक्यात होताच. कापडाला किरणोत्सर्गी औषध लावून झालं आणि फिल्म लावायच्या दिवशी सकाळीच तो तुळशीदासला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, रोह्याला मुलगी बघायला जायचंय. रोज मी कापड ठेवतो, तुम्ही फिल्म दाबता. आज दोन्ही तुम्हीच करा ना. मॅडमना कशाला सांगायचं?"

"मला त्या कापडाला हात लावायची परवानगी नाय रे."

"दोनशे वेळा बघितलंय तुम्ही. माझ्यापेक्षा तुमचाच हात हलका आहे. मुलगी पसंत पडली तर पहिली पत्रिका तुम्हाला."

अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून तुळशीदासने कॅसेट, म्हणजे फिल्म लावायची चपटी बंद पेटी, उघडली आणि कापड ठेवलं. तेवढ्यात छताचा पोपडा सुटून शेजारी पडला, त्यापाठोपाठ चुन्याची भुकटी. धुतलेलं कापड मळू नये म्हणून सुलटी बाजू आत घ्यायची, हे अकरा वर्षांत बोटांत मुरलेलं होतं. बोटांनी कापड उचललं, फुंकर मारून झटकलं, पालथं ठेवलं. मग फिल्मचा डावा कोपरा रोजच्यासारखा दुमडला, कॅसेट बंद केली, चिकटपट्टी लावली आणि ती उणे सत्तरच्या फ्रीझरमध्ये ठेवून तो पुन्हा बाटल्यांकडे वळला. किरण नायलॉनमधून आरपार जातात. चित्र उत्तम येणार होतं.

आणि ते उत्तमच आलं. आठ दिवसांनी जयवंतने फिल्म काढली, कॅसेट तशीच पट्टी लावून, सही करून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली. रोह्याची मुलगी पसंत पडली होती. त्या आठवड्यात त्याला कापड दाखवलं काय आणि गोणपाट दाखवलं काय, सारखंच होतं.

शुक्रवारी भिवा खरात पेढ्यांचा पुडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढला. चाळिशीचा, काटक, खिशावर अजून बेस्टचा बिल्ला.

"घ्या, सगळ्यांनी घ्या. पुढे सरका, मागच्यांनाही मिळेल. गाठ साधी निघाली! अहो, महिनाभर झोप नव्हती. मामा, तुम्ही एकच काय घेता? डबल घ्या."

तुळशीदासने दोन पेढे घेतले. एक तिथेच खाल्ला, एक बायकोसाठी, शेवंतासाठी, कागदात बांधला.

तासाभराने खिडकीशी गुणवंती आली. आज तिचा आवाज खिडकीच्या आतच राहिला.

"तुळशा, माज्या गाठीत वाईट निगालं रं. सोमवारी दाखल व्हायचं हाय. सलाईनमदून औषद देनार. क्येस जातील बोलतात."

तुळशीदासने हातातली बाटली खाली ठेवली. "परत येतात केस," तो म्हणाला.

"येतील तवा येतील. सूनंला वटा दिला मी कालच. बोलली, आई, तुमी निवांत बसा. रांड इतकी गोड कदी बोलली नवती, तवाच मना समाजलं की आपलं काय खरं नाय." ती हसली, मग अंबाड्यावरची वेणी काढून तिने खिडकीत ठेवली. "ही तुज्या बायकोला दे. मना आता कशाला लागते?"

शनिवारी अर्धा दिवस. बाई एक वाजता घरी गेल्या. तुळशीदास त्यांच्या खोलीत फिल्म बघायची दिव्याची पेटी पुसायला गेला. पेटीवर तीच फिल्म लावलेली होती. चार लेन, सगळ्यांना जुनी ओळ, आणि तिसऱ्या लेनमध्ये जास्तीची दुसरी ओळ, काळी, ठसठशीत. गुणवंतीची. त्याने ती बघितली आणि नजर बाजूला नेली. ती गेली चौथ्या लेनवर. तिथल्या जुन्या ओळीत एक गोल पांढरं भोक होतं, विडीने जळाल्यासारखं.

बुडबुडा.

तुळशीदासने पेटी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. बुडबुडा डावीकडे होता. पहिल्या लेनच्या डोक्यावर. माणसांची नावं तो विसरत असे, पण दोष कुठे आहे हे कधी विसरला नव्हता. अकरा वर्षं त्याचाच तर पगार घेतला होता. डावीकडचा दोष उजवीकडे येतो एकाच वेळी, कापड पालथं पडलं तर. पहिली लेन ती चौथी होते. दुसरी ती तिसरी.

त्याला तो पोपडा आठवला. चुन्याची भुकटी आठवली. मग तोंडात पेढ्याची चव आली आणि तो जयवंतला गाठायला बाहेर पडला.

जयवंत निघायच्या बेतात होता. त्याने ऐकून घेतलं, आणि रोह्याचा सगळा रंग त्याच्या तोंडावरून उतरला.

"मामा, हळू बोला. आपण असं करू, टेस्ट परत लावू. काहीतरी कारण सांगू."

"कापडाचं औषध संपलंय. ते बाहेरून यायला सहा आठवडे. बायला सोमवारी दाखल करणार."

"तुमची सही पण सोमवारीच आहे ना? मला ऑफिसात कळलंय. मामा, सहा वर्षं..."

"सातवं लागेल दिवाळीत," तुळशीदास म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

घरी, करी रोडच्या चाळीत, शेवंताने ताट वाढलं. तुळशीदास भातात बोट फिरवत बसला.

"काय झाला? कालवण निवला," ती म्हणाली. तिच्या केसांत गुणवंतीची वेणी होती.

त्याने सगळं सांगितलं. शेवंताने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हे त्या घरात नवीनच होतं.

"सही सोमवारी?"

"सोमवारी."

"मगे मंगळवारी सांगा."

तुळशीदासने भातावर अजून एक रेघ ओढली.

"गुणवंतीबायक बेड कवा?"

"सोमवारीच."

शेवंताने केसांतली वेणी काढली, पाण्याच्या वाटीत ठेवली. "मगे जेवताय कसले? उठा. चपला घाला. मॅडमचा घर खय असा?"

मॅडमचं घर ठाकुरद्वारला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी. अप्पा आयुष्यभर सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या दाराचीच कचेरी केली होती.

"कोण? काम काय? अपॉइंटमेंट आहे?"

"काम... कापड उलटं पडलं, ते सांगायचंय."

"धोबी आहात?"

"अप्पा, कोण आहे?" बाई आतून आल्या. घरात कोळंबीच्या खडखडल्याचा वास पसरला होता आणि बाईंच्या हाताला अजून हळद होती. तुळशीदासने दारातच उभं राहून सांगितलं. जयवंतचं नाव त्याने घेतलं नाही. फिल्म मी लावली, एवढंच म्हणाला.

बाईंचं मराठी शुद्ध होत गेलं. "तुम्हाला त्या कामाची अनुमती कोणी दिली?"

"कोणी नाही, मॅडम."

"गुणवंतीबाई आपल्या परिचयाच्या आहेत ना? त्यांच्यासाठी आपण हे सांगत नाही कशावरून?"

"ओळखीच्या आहेत, म्हणूनच सांगायला भीती वाटत होती. खरात साहेब पण ओळखीचे झालेत. त्यांचा पेढा खाल्लाय मी." त्याने घसा साफ केला. "कॅसेट अजून फ्रीझरमध्ये आहे. जयवंतच्या सहीची पट्टी आहे. तुम्ही उघडा. कापलेला कोपरा उजवीकडे निघाला नाही, तर मला कामावरून काढा."

"आणि निघाला तर?" अप्पांनी मधेच विचारलं.

"तर बहुतेक तसंही काढतील," तुळशीदास म्हणाला.

अप्पा मुलीकडे वळले. "राजू, टॅक्सी बोलाव. असा साक्षीदार मला चाळीस वर्षांत मिळाला नाही."

प्रयोगशाळेत जयवंत फ्रीझरसमोर उभा होता. तो घरी गेलाच नव्हता. "मॅडम, मीच सांगितलं होतं मामांना," तो कोणी विचारायच्या आत म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. पट्टी कापली, कॅसेट उघडली. कापड पालथं होतं. कापलेला कोपरा उजवीकडे.

बाई आपल्या खोलीत गेल्या, पेटीवरची फिल्म काढली, उलटी करून पुन्हा लावली. भोक पहिल्या लेनमध्ये गेलं. काळी ओळ सरकून दुसऱ्या, भिवाच्या लेनमध्ये आली. तिघं जण ती बघत उभे राहिले. गुणवंतीच्या लेनमध्ये आता जुनी ओळ आणि धुरकट सावली, बाकी काही नाही.

बाईंनी वॉर्डात फोन केला आणि सोमवारचा बेड थांबवला. मग नोंदवही तुळशीदाससमोर ठेवली. "लिहा. काय झालं ते. तुमच्या हाताने."

सातवी पास तुळशीदासने सावकाश लिहिलं: 'फिल्म लावताना कापड पालथे पडले. लावणार तु. गो. पालव, रोजंदारी.' जयवंतने पेन घेऊन खाली आपलं नाव घातलं. त्याखाली बाईंनी: 'देखरेख नव्हती. रा. तळपदे.' त्या पानावर तीन अक्षरं तीन तऱ्हेची आहेत. बाईंनी ते कापड स्वतः सुलटं लावून दुसरी फिल्म घेतली. तिनेही हेच सांगितलं.

भिवाला सांगताना तुळशीदास बाईंच्या मागे उभा राहिला. जायची गरज नव्हती, तरी. भिवाने ऐकलं. त्याने खिशावरच्या बिल्ल्याला बोट लावलं.

"म्हणजे माझं तिकीट त्या बाईंना गेलं, आणि त्यांचं मला आलं."

"हो," बाई म्हणाल्या.

"मग आता उतरायचं कुठे?"

"उतरायचं नाही. लवकर लक्षात आलंय. औषध आहे, आणि तुमची गाठ सावकाश चालणाऱ्यांपैकी आहे."

"लिमिटेड नाही म्हणजे. साधी बस." भिवाने तुळशीदासकडे बघितलं. "मामा, तुमचं तोंड का एवढं उतरलंय?"

"तुमचा पेढा खाल्ला हो मी."

"मग पुढल्या वर्षीही खा. मी आणतो. तेवढं मला जिवंत ठेवा म्हणजे झालं."

पुढच्या तपासणीत गुणवंतीची गाठ क्षयाची निघाली. नऊ महिने गोळ्या, केस शाबूत. हे ऐकल्यावर ती गप्प बसली. जयवंतने घड्याळ बघितलं होतं, पुरतं एक मिनिट. मग ती पदराने डोळे पुसत उसळली, "मुडद्यांनो, आता सूनंकडनं वटा कसा घेऊ मी परत? ती तर बोर्ड लावून बसली हाय!" संध्याकाळी खिडकीत केळीच्या पानात बांधलेली दोन पापलेटं सापडली. या वेळी उरल्याचं सोंग नव्हतं.

सोमवारी सही झाली नाही. साहेबांनी फाइलवर 'चौकशीनंतर पाहू' असा शेरा मारला. चौकशी झालीच नाही, त्यामुळे चौकशीनंतरचंही काही झालं नाही. बाईंनी तीन वेळा पत्र लिहिलं, तिसरं तर इतक्या शुद्ध मराठीत की ऑफिसात कोणाला कळलं नाही.

मात्र त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. टिपकागद कापता कापता तुळशीदास म्हणाला, "मॅडम, दोन्ही काठ सारखे ठेवले म्हणून फसलो आपण. पालथं पडलं तरी कळायला मार्ग नाही. एका काठाला तांबडा दोरा बांधा."

"म्हणजे?"

"पहिल्या लेनमध्ये निरोगी राहू दे. शेवटच्या लेनमध्ये पक्का आजारी ठेवा. ज्याची ओळ हमखास येते असा. मग उलटं लागलं की एका नजरेत दिसेल."

बाईंकडे शिशीत वाढवलेल्या लिंफोमाच्या पेशी होत्या, कितीही वापरा, वाढतच राहणाऱ्या. त्या दिवसापासून शेवटच्या लेनमध्ये त्यांचा डीएनए जायला लागला. जयवंत तक्ता लिहीत होता, त्याला छोटं नाव हवं होतं. त्याने लिहिलं, 'पालव'.

बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. "पालव म्हणजे पदर. वस्त्राचा शेवटचा काठ." त्या पहिल्यांदाच हसल्या. "शब्द अगदी बरोबर आहे. राहू दे."

तुळशीदास साठाव्या वर्षी कामावरून थांबला. रोजंदारीच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. बाईंनी आपल्या खोलीत चहा दिला आणि अप्पांनी ठाकुरद्वारहून खडखडल्याचा डबा पाठवला. गिरणीच्या जागी आता बत्तीस मजले उभे राहिले होते. बाईही पुढे निवृत्त झाल्या. नायलॉनचं कापड गेलं, डिरेक्टरी गेली, फिल्म गेली. आता सगळं थेट जेलीवरच दिसतं, एका दिवसात.

भिवा मात्र दर वर्षी तपासणीला येतो आणि सोबत तुळशीदासला आणतो. दोन हजार पाच सालच्या तपासणीला दोघे तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बाकावर बसले होते, भिवाच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. आत दुर्गा नावाची नवी मुलगी जेल भरत होती. पलीकडून जयवंतचा आवाज आला, आता थोडा जाड झालेला.

"दुर्गा, पालव टाकला का?"

"आलो," म्हणून तुळशीदास उठून उभा राहिला.

दुर्गाने वळून पाहिलं, हसली. "तुम्हाला नाही हो, काका. हा आमचा शेवटचा सँपल. साडीला पदर असतो ना, तसा. याच्याशिवाय इथून एकही रिपोर्ट बाहेर जात नाही."

भिवा काही तरी बोलणार होता. तुळशीदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे, बाळ," तो म्हणाला. "टाक तू."

मग तो काचेजवळ गेला, आणि जुन्या सवयीने डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत नजर फिरवत, ओळी उमटायची वाट बघत उभा राहिला.